ब्रेकलाईट लागत नाही? करंटची परतीची वाट शोधा

मागच्या हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ धुळ्याहून जळगावला बुलेटवर येत होता. पारोळा सुटलं, अंधार पडला आणि एरंडोलच्या अलीकडे तो एका ढाब्यावर चहाला उतरला. मागोमाग एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, सरळ त्याच्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, राग मानू नका, पण तुम्ही ब्रेक मारला की तुमचा मागचा दिवा मोठा व्हायच्या ऐवजी बारीक होतो. तुम्ही थांबताय की चाललाय तेच कळत नाही. दोनदा अंगावर येता येता राहिलो."

त्या अनोळखी माणसाचे उपकार मी विसरणार नाही. एक तर त्याने मुद्दाम थांबून सांगितलं. दुसरं म्हणजे, बिघाडाचं अख्खं निदान त्याच्या त्या एका वाक्यात होतं. पण आम्हाला ते समजायला दोन दिवस लागले. त्याआधीच्या महिन्यात भावाने दोन बल्ब बदलले होते. एका दुकानात पायाच्या ब्रेकचा नवा स्विचही बसवून दिला होता. दोष मात्र मडगार्डच्या एका बोल्टखाली, रंगाच्या थराआड बसला होता.

ताशी ६० किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. मागच्या माणसाला आपण थांबतोय हे एक सेकंद उशिरा कळलं, तर तेवढं अंतर तो आपल्याकडे येऊन चुकलेला असतो. सुरतेकडून नवापूर, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ करत नागपूरकडे जाणारा आपला जुना ६ नंबरचा, आताचा ५३ नंबरचा महामार्ग ज्याने रात्री पाहिलाय, त्याला जास्त सांगायची गरज नाही. कापसाच्या हंगामात पुढे बिनदिव्याची ट्रॉली आणि मागे भरलेला ट्रक, मधे आपण. पुढचं आपल्या हाती नाही. मागच्याला खूण देणं मात्र नक्की आपल्या हाती आहे.

म्हणून हा बिघाड नीट समजून घेऊ. विशेषतः ज्यांनी गाडी मॉडिफाय केली आहे त्यांनी.

गाडीवर शेवटचा हात कुठे फिरला?

कंपनीतून आलेल्या गाडीत कोणती वायर कुठून जाईल, कुठे वळेल, कुठे क्लिपमध्ये बसेल हे सगळं ठरलेलं असतं. गाडी मॉडिफाय केली की हे ठरलेलं मोडतं. सीट लहान केली तर सीटखालची वायरिंग सरकते. हँडल उंच किंवा आखूड केलं तर वायर जोडावी किंवा गुंडाळावी लागते. मागचं मडगार्ड कापलं तर दिव्याची जागा बदलते. पायदान मागे नेलं तर ब्रेकचा स्विच जुन्या जागी राहत नाही. त्यात वायरचे रंग जुळतील याचीही खात्री नाही, कारण जोडणाऱ्याच्या हाताशी जी वायर होती ती त्याने वापरलेली असते.

त्यामुळे मॉडिफाय गाडी समोर आली की मी आधी विचारतो : ब्रेकलाईट शेवटची नीट कधी लागत होती, आणि त्यानंतर गाडीवर काय काय केलं? दहातल्या आठ-नऊ वेळा दोष त्या कामाच्या आसपास सापडतो, असा माझा अनुभव आहे.

आमच्या बाबतीत उत्तर असं होतं. वडिलांची जुनी ३५० सीसी बुलेट भावाने एका वर्कशॉपमधून नव्याने करून घेतली. चेसिसला काळं पावडर कोटिंग, मागचं लोखंडी मडगार्ड काढून आखूड फायबरचं, त्यावर छोटा गोल दिवा. काम दिसायला देखणं. ब्रेकलाईट गाडी घरी आली त्या दिवसापासूनच कधी लागायची, कधी नाही.

ठिबकच्या नळीवरून समजून घ्या

रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीला ठिबक केलेल्या माणसाला वीज समजावणं सगळ्यात सोपं. मोटार म्हणजे बॅटरी. पाण्याचा दाब म्हणजे व्होल्ट. नळीतून प्रत्यक्ष वाहणारं पाणी म्हणजे अँपिअर. नळीत क्षार साचून झालेला अडथळा म्हणजे ओहम.

आता एक गंमतीची गोष्ट बघा. नळी निम्मी चोंदली आहे, पण तिचं टोक बंद आहे. अशा वेळी टोकाशी दाब मोजला तर काटा पूर्ण दाब दाखवतो. पाणी वाहतच नाही, मग अडथळा जाणवणार कसा? टोक उघडा, पाणी वाहू द्या, की काटा लगेच खाली येतो. चोंदलेपण कळायचं तर पाणी वाहायला हवं.

ब्रेकलाईटची वायर तपासताना लोक नेमके इथे फसतात. बल्ब काढतात, होल्डरमध्ये मल्टीमीटरच्या, म्हणजे व्होल्ट मोजायच्या यंत्राच्या, पिना लावतात, मीटर साडेबारा व्होल्ट दाखवतो, आणि "करंट तर येतोय, बल्बच खराब" असं म्हणून नवा बल्ब आणतात. डिजिटल मल्टीमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरच्या आतल्या वीस तारांपैकी एक तार जरी शाबूत असली तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. मीटरची ती टूं वाजणारी चाचणीसुद्धा अशीच. एका तारेवरही ती वाजते. तोच २१ वॅटचा बल्ब लावून ब्रेक दाबला की पावणेदोन अँपिअर करंट लागतो, आणि तो एका तारेतून नीट जाईलच याचा भरवसा नाही. म्हणून बल्ब जागेवर ठेवून, ब्रेक दाबून धरून मोजायचं. एवढी एक सवय लागली तर अर्धे बिघाड सापडतात.

पण ठिबकचा दाखला एका ठिकाणी अपुरा पडतो, आणि सगळी गोम तिथेच आहे. पाणी झाडाच्या मुळाशी मुरलं की त्याचं काम संपलं. करंटचं तसं नाही. तो बॅटरीच्या प्लसवरून निघतो, फ्यूज, किल्ली आणि ब्रेकच्या स्विचमधून बल्बमध्ये येतो, फिलामेंट म्हणजे आतली बारीक तार तापवतो, आणि मग त्याला बॅटरीच्या मायनसला परत जावंच लागतं. परतीची वाट बंद असेल तर तो निघतसुद्धा नाही. वाट अरुंद असेल तर जेवढा परत जाऊ शकतो तेवढाच निघतो.

जाणारी वाट वायरची असते. डोळ्यांना दिसते, म्हणून सगळे ती तपासतात. परतीची वाट बऱ्याच गाड्यांत गाडीच्या लोखंडातून असते : दिव्याची बॉडी, मडगार्ड, चेसिस आणि तिथून बॅटरीचा मायनस. यालाच आपण अर्थिंग म्हणतो. आमच्या गल्लीत एक म्हातारे वायरमन होते, सगळे त्यांना नानाच म्हणायचे. कुणीही गाडी घेऊन आलं आणि "नाना, दिवा लागस नही" म्हणालं की ते आधी एवढंच म्हणायचे, "पहिले अर्थिंग देख, मंग बाकीनं."

दिवा बारीक होतो तेव्हा आत काय चालतं

मागच्या दिव्यात साधारणपणे १२ व्होल्ट, २१/५ वॅटचा एकच बल्ब असतो, पण आत दोन फिलामेंट. ५ वॅटची रात्रभर जळते, २१ वॅटची ब्रेक दाबल्यावर. दोघींना करंट वेगवेगळ्या वायरने येतो, पण परत जायला दोघींना मिळून एकच दार आहे : बल्बची पितळी बॉडी.

भावाच्या गाडीत हे दार जवळजवळ बंद झालं होतं. जुन्या लोखंडी मडगार्डमधून करंट आपोआप चेसिसला जायचा. फायबरमधून वीज जात नाही. म्हणून वर्कशॉपवाल्याने दिव्यापासून एक छोटी काळी वायर काढून मडगार्डच्या बोल्टला आवळली. विचार बरोबर होता. पण तो बोल्ट ज्या चेसिसमध्ये बसतो त्याच्यावर पावडर कोटिंगचा जाड थर, आणि पावडर कोटिंगही वीज जाऊ देत नाही. बोल्टच्या आट्या कुठेतरी लोखंडाला खरवडून थोड्या टेकल्या होत्या, तेवढ्यावर सगळा कारभार चालला होता.

आकडे घालून बघू. समजा त्या बोल्टशी ४ ओहमचा अडथळा आहे. नुसता मागचा दिवा चालू असताना ५ वॅटच्या फिलामेंटला करंट अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी लागतो, म्हणून त्या दारात दीड व्होल्टच खर्च होतो. बल्बला साडेदहा मिळतात. दिवा थोडा पिवळट, पण लागलेला दिसतो. आता ब्रेक दाबला. २१ वॅटची फिलामेंट एकदम जास्त करंट मागते. त्याच अरुंद दारातून दोघींचा करंट जायचा, तर ढोबळ हिशेबाने तिथेच ५ व्होल्ट संपतात आणि बल्बपाशी १२ पैकी ७ उरतात. २१ वॅटची नुसती लालसर तापते. शिवाय जी ५ वॅटची बऱ्यापैकी जळत होती, तीही मंदावते. मागून बघणाऱ्याला दिसतं काय? ब्रेक मारला की दिवा बारीक झाला. ट्रकवाला अगदी हेच म्हणाला होता.

अर्थिंग पूर्णच तुटली, तर करंट आडवाट शोधतो. लाईटचं बटण बंद ठेवून ब्रेक दाबा. स्पीडोमीटरमधला छोटा दिवा किंवा नंबरप्लेटचा दिवा मिणमिणला, तर समजा की ब्रेकचा करंट २१ वॅटच्या फिलामेंटमधून ५ वॅटच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरून, मागच्या दिव्याच्या वायरने पुढे जाऊन, स्पीडोमीटरच्या दिव्यामार्गे अर्थिंगला पोचतोय. इंडिकेटर आणि ब्रेकलाईटची अर्थिंग एकत्र असेल तर ब्रेकबरोबर इंडिकेटरही फिकट चमकतात. असं काही दिसलं की स्विचला हात लावू नका. सरळ अर्थिंगकडे जा.

दोन मिनिटांत खात्री

मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या टोकाला, म्हणजे बोल्टला नाही तर खुद्द शिशाच्या टोकाला. लाल पिन बल्बच्या पितळी बॉडीला किंवा होल्डरच्या धातूला. किल्ली चालू करा आणि कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. परतीची वाट मोकळी असेल तर मीटर शून्याच्या अगदी जवळ असतो, ०.१, फार तर ०.२ व्होल्ट. आमच्या गाडीवर पाचच्या आसपास आकडा आला. बारापैकी पाच व्होल्ट परतीच्या वाटेतच मरत होते.

मीटर नसेल तरी चालतं. हातभर वायर घ्या, दोन्ही टोकं सोला, एक टोक दिव्याच्या धातूला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला धरा, आणि ब्रेक दाबा. आम्ही रात्री अंगणात हे केलं तेव्हा तो मरतुकडा दिवा असा भडकला की समोरच्या कंपाउंडची भिंत लाल झाली. भाऊ ब्रेकवरचा पाय काढायलाच विसरला.

दुरुस्ती सोपी आहे, पण घाईने केली तर सहा महिन्यांत परत येते. ज्या जागी अर्थिंग घ्यायची तिथला रंग पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. वायरच्या टोकाला तांब्याची लग, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेली कडी, दाबून बसवा. तार नुसती बोल्टभोवती गुंडाळू नका. लग आणि लोखंड यांच्या मधे दातेरी वॉशर टाका, तो रंगात आणि गंजात रुततो. आवळून झाल्यावर वरून थोडं ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा, म्हणजे पावसाळ्यात गंज चढत नाही. मॉडिफाय गाडीत मी तर याच्याही पुढे जातो. मागच्या दिव्यापासून वेगळी काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत आणतो. चेसिसवर भरवसाच ठेवायचा नाही. पाऊण चौरस मिलिमीटरची लवचिक, अनेक तारांची ऑटो वायर यासाठी भरपूर होते. घराच्या फिटिंगची एकाच जाड तारेची वायर मात्र वापरू नका. एका सिलेंडरच्या धडधडीत ती वाकून वाकून तुटते.

आमच्या गाडीवर हे केल्यावर मीटर ०.१च्या खाली आला. जुना, 'खराब' म्हणून काढून ठेवलेला बल्ब लावून बघितला. तोही झक्क लागला.

स्विचचं काय?

सगळाच दोष अर्थिंगचा नसतो, म्हणून आता स्विचकडे. ब्रेकलाईटला दोन स्विच : एक हाताच्या ब्रेकपाशी, एक पायाच्या. दोन्ही समांतर जोडलेले, म्हणजे कोणताही एक दाबला तरी दिवा लागायला हवा. हे लक्षात ठेवलं की अर्धा शोध आपोआप होतो. हाताने लागतो, पायाने नाही? मग बल्ब, अर्थिंग, फ्यूज सगळं ठीक आहे आणि दोष पायाच्या स्विचचा किंवा त्याच्या दोन वायरींचा आहे. दोन्हींनी लागत नाही? दोन्ही स्विच एकाच दिवशी जाणं दुर्मीळ. तेव्हा दोघांना सामाईक असलेल्या गोष्टी बघा.

स्विच तपासायला त्याच्या दोन्ही वायरी काढून वायरच्या छोट्या तुकड्याने एकमेकींना जोडा. दिवा लागला तर स्विच गेला. फक्त त्या दोन वायरी स्विचच्याच आहेत याची खात्री करा. त्यातली एक चुकून लोखंडाला टेकली तर फ्यूज उडेल.

पायाचा स्विच बहुतेक गाड्यांवर स्प्रिंगने ओढला जातो. पेडल दाबलं की स्प्रिंग स्विचची दांडी खेचते. पायदान आणि पेडल बदललेल्या गाडीत ही स्प्रिंग कमी-जास्त ताणली जाते. ढिली असेल तर पेडल खोलवर दाबल्याशिवाय दिवा लागत नाही, फार ताणली तर दिवा कायमचा लागलेला राहतो, आणि मागच्याला तो ब्रेक वाटतच नाही. समायोजन करताना स्विच धरून ठेवा आणि फक्त त्याच्याभोवतीचा नट फिरवा. स्विचच फिरवला तर खालच्या वायरी पिळल्या जाऊन तुटतात. दिवा ब्रेक धरायच्या किंचित आधी लागला पाहिजे, एवढं माप पुरे.

हाताचा स्विच लहानसा असतो, आत धूळ जाऊन अडकतो. लिव्हर दाबताना बारीक टक् आवाज येतो का ऐका. बाजारातली फॅन्सी लिव्हर लावली असेल तर तिचं नाक स्विचच्या बटणापर्यंत पोचतंय का तेही बघा. डिस्क ब्रेकच्या काही मॉडिफाय गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच बसवतात. तो जुना झाला की ब्रेक करकचून दाबल्यावरच लागतो. त्याच्या तोंडाशी ब्रेक ऑइल पाझरताना दिसलं तर वाट न बघता बदला, कारण तिथे दिव्याबरोबर ब्रेकचाही प्रश्न आहे.

आपलं ऊन आणि काळी टेप

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या सीटखाली किती होत असेल, हात लावून बघा. या उन्हात साधी काळी इन्सुलेशन टेप टिकत नाही. तिचा डिंक पातळ होऊन वाहतो, टेप सरकते, आणि चिकट डिंकावर धूळ बसते. वायर पिळून वर टेप गुंडाळलेला जोड दोन उन्हाळे काढत नाही. पुढे पावसाळ्यात तिथे पाणी शिरतं आणि तांब्यावर हिरवट गंज चढतो. जोड दाबून किंवा डाग देऊन करा, आणि त्यावर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा. आतून डिंक असलेली मिळाली तर उत्तम.

आखूड मडगार्डची अजून एक अडचण आहे. चाकाने उडवलेला आपल्या काळ्या मातीचा चिखल थेट सीटखाली जातो. तो वायरवर वाळून बसतो आणि ओला झाला की पुन्हा ओल धरतो. चिमटा (मागचं चाक धरणारा लोखंडी भाग) आणि शॉकअपजवळून जाणारी वायर गाडी खड्ड्यात गेली की हलते. तिथे ती कशाला घासत तर नाही ना, हे मागे कुणाला तरी बसवून, शॉकअप पूर्ण दबलेला असताना बघा. उभ्या गाडीवर वायर मोकळी दिसते, वजन पडलं की चाकाला टेकते. कधी लागतो, कधी नाही, असा दोष असेल तर ब्रेक दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने वायरिंग मागून पुढे हळूहळू हलवत या. दिवा जिथे चमकेल-विझेल तिथे थांबा.

फ्यूज उडत असेल तर

ब्रेक दाबला की फ्यूज उडतो, म्हणजे ब्रेकची वायर कुठेतरी सोलून लोखंडाला लागली आहे. कृपा करून फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा जाड तार घालू नका. मग फ्यूज उडायच्या ऐवजी वायर जळते, आणि वर पेट्रोलची टाकी आहे.

यासाठी एक जुनी, फार छान युक्ती आहे. फ्यूज काढा आणि त्याच्या दोन टोकांमध्ये २१ वॅटचा बल्ब जोडा. आता कितीही शॉर्ट असला तरी या बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊ शकत नाही, म्हणून काही जळत नाही. मागचा बल्ब काढून ठेवा आणि ब्रेक दाबून धरा. शॉर्ट असेल तर जोडलेला बल्ब लख्ख लागेल. मग वायरिंग हलवा, एकेक कपलर (वायरींचा जोडकप्पा) सोडवा. ज्या क्षणी बल्ब मंदावेल किंवा विझेल, शॉर्ट त्याच तुकड्यात आहे. मला हे समजलं त्या दिवसापासून मी शॉर्ट शोधायला फ्यूजचं पाकीट संपवलेलं नाही.

बल्ब पुन्हापुन्हा जात असतील तर मात्र चार्जिंग मोजा. इंजिन थोडं रेस करून बॅटरीच्या टोकांवर १४ व्होल्टच्या आसपास आकडा यावा. १५च्या वर जात असेल तर चार्जिंगचा व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि तो तुमचे बल्ब, मग बॅटरीही खाणार. बल्ब बसवताना त्याच्या दोन बाजूंच्या पिना बघा. त्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे बल्ब एकाच दिशेने बसावा. ढिल्या होल्डरमध्ये तो जोर लावून उलटा बसतो, आणि मग रात्रभर मोठा दिवा जळतो आणि ब्रेकला छोटा. येझदी किंवा जुनी राजदूत नव्याने करणाऱ्यांनी हेही बघावं की गाडी ६ व्होल्टची आहे की कुणीतरी १२ची केली आहे.

एलईडी लावला की प्रश्न सुटतो?

एलईडीचा एक फायदा खरा आहे. साध्या बल्बची फिलामेंट तापायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो, एलईडी तत्क्षणी लागतो. ६० च्या वेगात याचा अर्थ मागच्याला तीन मीटरहून जास्त अंतर आधी कळतं. ते कमी नाही.

पण खराब अर्थिंगवर तो इलाज नाही. एलईडीला करंट इतका थोडा लागतो की अरुंद दारातूनही तो बराच वेळ नीट चालल्यासारखा वाटतो. दोष जागेवरच राहतो आणि एखाद्या पावसात पूर्ण तुटतो. एलईडीला उलटसुलट जोडणी चालत नाही, प्लस-मायनस बदललं तर तो लागणारच नाही. शिवाय जुन्या बऱ्याच लहान गाड्यांत हेडलाईट आणि मागचा दिवा बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या, एसी करंटवर चालायचा. फक्त ब्रेकलाईट, हॉर्न, इंडिकेटर बॅटरीवर. तिथे बॅटरीसाठी बनवलेली एलईडी पट्टी लावली तर मागचा दिवा फडफडतो आणि काही दिवसांत जातो. आधी मागच्या दिव्याची वायर बॅटरीच्या बाजूला घ्यावी लागते, मगच एलईडी.

दिव्यावरच्या काळ्या काचेबद्दल माझं मत ठाम आहे : लावू नका. रात्री ती चालून जाते, पण वैशाखातल्या दुपारी दोनच्या उन्हात त्या काचेआडचा दिवा लागला की नाही हे दहा पावलांवरूनही कळत नाही. सीटखाली लपवलेल्या बोटभर पट्टीचंही तेच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ब्रेकचा दिवा लाल, मोठा आणि मूळ उंचीच्या आसपास ठेवला तर निदान त्या बाबतीत कुणाला बोलायला जागा राहत नाही.

आणखी एक, घाटात चालवणाऱ्यांसाठी. कन्नडचा घाट किंवा तोरणमाळची वळणं उतरताना आपण गिअर कमी करून वेग उतरवतो. तेव्हा ब्रेकचा स्विच दाबलाच जात नाही, दिवा लागत नाही, आणि मागच्याला काही कळत नाही. तिथे पाय पेडलवर नुसता टेकवावा, स्विच लागेल इतपतच.

भावाची गाडी आता घरी उभी असते तेव्हा तिची पाठ मुद्दाम भिंतीकडे असते. सकाळी किल्ली लावली की तो आधी हाताचा ब्रेक दाबतो, मग पायाचा, आणि मान वळवून भिंतीवर बघतो. दोनदा लाल उजेड पडला की मग किक मारतो.